व्यासपीठ आणि उंबरठा

(मराठी ख्रिस्ती प्रवचनाविषयी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "प्रवचनाची कसली समीक्षा करता? नाटकाची करा, कादंबरीची करा. प्रवचन म्हणजे देवाचं वचन. त्याला चांगलं-वाईट म्हणणारे तुम्ही कोण?" आम्ही त्यांना म्हटलं, "काका, वचन देवाचं, कबूल. पण चाळीस मिनिटं आमची असतात. मराठी आमची असते. आणि बाकावर डुलक्या घेणारी माणसंही आमचीच असतात." (हशा)

तर आज वचनाची नाही, त्या चाळीस मिनिटांची समीक्षा करायची आहे. आम्ही म्हणजे कोण, हेही सांगून टाकतो. मंडळीत वाढलेले, लहानपणी आईच्या मांडीवर आणि मग बाकावर बसून प्रवचनं ऐकलेले, आणि पुढे काही वर्षं त्या लाकडी व्यासपीठामागे स्वतः उभे राहिलेले, असे आम्ही. जे दोष सांगणार आहोत ते दुसऱ्यांचे म्हणून सांगत नाही. बहुतेक आमच्याच वहीत सापडलेले आहेत.

मराठी ख्रिस्ती साहित्यावर बोलायचं म्हटलं की सुरुवात फादर स्टीफन्स यांच्यापासून होते. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरीचे ठसे नव्हते, म्हणून छापले रोमन लिपीत. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या तुम्हा सगळ्यांना शाळेपासून पाठ आहेत, त्या आम्ही आज म्हणणार नाही. मराठी भाषा दिनाला त्या एवढ्या वेळा म्हटल्या जातात की बाकीचं पुराण कोणी उघडतच नाही.

आम्हाला त्या पुराणातली दुसरी एक जागा महत्त्वाची वाटते. पहिल्या पुराणाच्या सुरुवातीलाच नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण गुरूला विचारतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: तुम्ही आम्हाला शिकवण दिलीत, ती चांगली आहे. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. आता वेळ मिळाला की आम्ही वाचायचं काय, ऐकायचं काय? आमच्या भाषेत आमच्यासाठी दुसरं पुराण का करत नाही?

आणि या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते पुराण सुरू होतं. म्हणजे पहा, मराठी ख्रिस्ती प्रवचनाच्या उगमापाशी उपदेशक नाही, श्रोता आहे. त्याची तक्रार आहे. आमचं काहीतरी काढून घेतलंत, त्या जागी काय देता, असा रोखठोक प्रश्न आहे. स्टीफन्सनं तो प्रश्न झाकला नाही, ग्रंथाच्या दारातच मांडून ठेवला. आजच्या किती प्रवचनांत श्रोत्याचा एवढा खरा प्रश्न ऐकू येतो?

पण इथंच थांबलो तर आम्ही अर्धं सांगितल्यासारखं होईल. ही जुनी पुराणं आपोआप बंद झाली नव्हती. ज्या साष्टीत स्टीफन्सनं काम केलं, तिथली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून तिथल्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलावून घेऊन ठार करण्यात आलं. गुरू गोड मराठीत बोलत होता, हे खरं. त्याच्या पाठीशी शस्त्र घेतलेली सत्ता उभी होती, हेही तेवढंच खरं. प्रश्न विचारणारा तो नवख्रिस्ती किती मोकळेपणानं विचारत असेल? आणि पुढं तर १६८४ मध्ये त्याच सत्तेनं लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडावी असा हुकूम काढला. ज्या भाषेत पुराण लिहिलं गेलं, तिच्यासारख्या देशी बोलींवरच गदा आली. तेव्हा स्टीफन्सचं कौतुक करताना हे दोन्ही धरून करायला हवं. प्रवचनाची भाषा कितीही गोड असली, तरी ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. शेवटी आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता गोव्यातून वर, नगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी १८१३ मध्ये मुंबईत आली, पुढं अहमदनगर त्यांचं मोठं ठाणं झालं. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये तिथंच सुरू झालं. मिशनऱ्यांनी मराठी शिकून प्रवचनं केली, बाजारात उभं राहून केली. लोक ऐकत, हसत, वाद घालत आणि आपल्या कामाला जात. मग नगरकडच्या मराठी ख्रिस्ती माणसांच्या लक्षात आलं की आपल्या लोकांना उभ्यानं केलेलं भाषण पचत नाही, त्यांना कीर्तन हवं. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी वीणा, टाळ, मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, सगळं रीतसर. काही गोऱ्या पाहुण्यांना ते विचित्र वाटलं असणार. गावकऱ्यांना मुळीच वाटलं नाही. रात्रभर बसले.

कीर्तनात एक गोष्ट असते, ती प्रवचनात हरवते. कीर्तनकाराला समोरच्यांकडे बघावंच लागतं. मध्ये गजर येतो, श्रोत्यांना म्हणावं लागतं. ते म्हणाले नाहीत तर कीर्तनकाराला जागच्या जागी कळतं की आपण एकटेच बोलतो आहोत. व्यासपीठावरच्या माणसाला हे कळायला कधी कधी तीस वर्षं लागतात. (हशा)

या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव नारायण वामन टिळक. त्यांचं ख्रिस्ती होणं ही आमच्या विषयाच्या दृष्टीनं फार बोलकी गोष्ट आहे. १८९३ मध्ये टिळक आगगाडीनं राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी उपदेश केला नाही. संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, या तरुण पंडिताला मानानं वागवलं आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत हातात दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाले. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती कवीला एका प्रवचनानंच ओढलं, पण ते कोणा पाळकाचं नव्हतं. ते दोन हजार वर्षांपूर्वीचं होतं, आणि त्याच्यापर्यंत ते पोचलं एका सहप्रवाशाच्या चांगल्या वागणुकीतून. आम्हा प्रवचनकारांनी हे रोज सकाळी आठवावं असं आहे. आमच्या बोलण्यानं फार तर दार उघडतं. बऱ्याचदा तर दार दुसऱ्याच कोणीतरी उघडून ठेवलेलं असतं, आणि आम्ही मधे उभे राहून वाट अडवतो.

टिळकांविषयी पुष्कळ बोललं गेलंय. आम्हाला आज त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंकडे वळायचं आहे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. मराठीतलं उत्तम आत्मचरित्र म्हणून आपण ते वाचतो आणि पोट धरून हसतो. पण आमचं म्हणणं असं आहे की 'स्मृतिचित्रे' हे मराठीतलं प्रवचनाच्या समीक्षेचंही पहिलं मोठं पुस्तक आहे. कसं ते सांगतो.

लक्ष्मीबाई या अशा श्रोत्या आहेत की ज्यांना प्रवचनकाराचं घर माहीत आहे. तेच तर त्यांचं घर! बाहेर ज्याच्या शब्दांवर लोक डोलतात, तो माणूस घरात न सांगता निघून जातो, हातातले पैसे कोणालाही देऊन टाकतो, संसाराचं सामान आणायला जातो आणि भलतंच काही घेऊन येतो. बाई हे सगळं लिहितात. कडवटपणा नाही, लपवाछपवीही नाही. नवऱ्यावर जीव आहे, पण आंधळी भक्ती नाही. व्यासपीठावरचा माणूस उंबरठ्याच्या आतून कसा दिसतो, हे मराठीत एवढ्या स्वच्छ नजरेनं त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढं एकत्र आल्या तेव्हाही आपलं सोवळंओवळं, आपलं पाणी वेगळं ठेवून राहिल्या. घरात एवढा मोठा वक्ता, एवढा मोठा कवी. त्याच्या प्रवचनानं बायको बदलली का? पुस्तक वाचा. बदलली ती स्वतःच्या विचारानं. माणसं देवानं केली, जाती माणसांनी केल्या, मग मी कोणाच्या हातचं पाणी का नको म्हणू, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि स्वतःच सोडवला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं श्रेय इथं काय? त्यांनी त्यांना वाचायला शिकवलं, आणि या एका बाबतीत तरी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. वेगळी चूल चालू दिली. आमच्या मते टिळकांच्या आयुष्यातलं सर्वांत प्रभावी प्रवचन ती वेगळी चूल आहे.

आणि भाषा पाहा. टिळकांचं गद्य चांगलं आहे, पण व्यासपीठावर उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. लक्ष्मीबाईंचं वाक्य लहान. चुलीपुढं बसून सांगितल्यासारखं. त्यात 'अनुग्रह' नाही, 'परिपूर्णता' नाही. पण दुसऱ्याचं पोर पोटाशी धरलेलं आहे, उपाशी माणसाला वाढलेलं आहे. धर्मशास्त्राचे जाड शब्द ज्या गोष्टींविषयी असतात, त्या गोष्टीच तिथं आहेत.

तिसरं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, पण सोडून जाता येत नाही. रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या. आईवडील तीर्थोतीर्थी पुराण सांगून पोट भरत, आणि रमाबाई स्वतः लहानपणापासून लोकांपुढे बसून पुराण सांगत. म्हणजे श्रोत्यांपुढे बोलणं त्यांना कुठल्या सेमिनरीत शिकावं लागलं नाही. याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदनात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. का? तर प्रचलित भाषांतराची मराठी त्यांच्या सदनातल्या मुलींना, दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायकांना कळत नव्हती. १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, तिथल्याच छापखान्यातून बाहेर आलं.

इथंही समीक्षकानं प्रामाणिक राहायला हवं. रमाबाईंचं भाषांतर मंडळ्यांत रुजलं नाही. मूळ शब्दाला इतकं धरून राहण्याचा त्यांचा आग्रह होता की काही जागी सोपे शब्दही अवघड वाक्यात जाऊन बसले. सोपं लिहायचं ठरवून सोपं होत नाही, हा धडा त्यातून मिळतो. पण त्यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही तसाच आहे: हे नेमकं कोणाला कळावं म्हणून लिहिता?

तर आता आजच्याकडे येऊ.

नगर, जालना, बीड, औरंगाबाद या पट्ट्यातल्या खेड्यापाड्यांत जी मंडळी ख्रिस्ती झाली, ती बहुतांश महार-मांग समाजातली. त्यांची बोली रांगडी, म्हणींनी भरलेली, ओव्या-गाण्यांची. आणि त्यांना व्यासपीठावरून जी मराठी ऐकू आली, ती घडवली मिशनरी साहेबांनी आणि त्यांच्या पंडितांनी. सोमवार ते शनिवार एक भाषा, आणि रविवारी सकाळी धुऊन इस्त्री केलेली दुसरी. प्रार्थनेला उभा राहिला की आमचा शेतमजूर भाऊसुद्धा 'हे कृपाळू पित्या' म्हणून सुरू करतो आणि त्याचा आवाजच बदलतो. देवाशी आपल्या आवाजात बोलायचं नसतं, असं त्याला कोणीतरी शिकवलंय. कोणी? आम्ही. आमच्या प्रवचनांनी.

आमच्यापैकी काही जण म्हणतात की ती भाषा जुनी झाली, आता नवी आली. कुठली नवी? मोबाइलवरच्या व्हिडिओंची! त्यात हिंदी चॅनेलवरचे 'आशीषित' आणि 'छुटकारा' आलेत, इंग्रजीवरून उचललेले तीन मुद्दे आलेत, आणि तिन्ही मुद्दे एकाच अक्षरानं सुरू झाले पाहिजेत असा दंडक आलाय. विश्वास, विनम्रता, विजय. (हशा) आम्हीही केलंय हे. एकदा तिसरा 'वि' सापडेना म्हणून शनिवारची रात्र गेली, आणि ज्या म्हाताऱ्या बाईंना त्या रात्री भेटायला जायचं होतं, तिकडे जायचं राहिलं.

दुसरं उदाहरण घ्या. पाळक म्हणजे मेंढपाळ. हा शब्द आम्ही रोज वापरतो. चांगल्या मेंढपाळावर वर्षातून निदान तीन प्रवचनं होतात. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढं काय असतं? चर्चच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र. हिरवंगार कुरण, कापसासारखी पांढरी मेंढरं, स्वच्छ झगा घातलेला मेंढपाळ. आणि नेमकं त्याच वेळी चर्चच्या बाहेरच्या रस्त्यावरून धनगरांचा वाडा चाललेला असतो. काळी दख्खनी मेंढरं. घोड्यावर सगळा संसार लादलेला, त्यावरच कोंबड्या बांधलेल्या, चालवत नाही असं कोकरू त्याच घोड्यावर ठेवलेलं. दिवाळीनंतर कोकणच्या बाजूला उतरायचं, पावसाच्या आधी परत फिरायचं. रात्री कोणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, म्हणजे त्या शेताला खत आणि यांना चार पैसे किंवा धान्य. लांडग्याची भीती आहे, रस्त्यावरच्या ट्रकची आहे, गावकऱ्यांशी तंटा आहे. शुभवर्तमानातला मेंढपाळ या माणसाच्या किती जवळचा आहे! पण त्या धनगराला आत बोलावून, बाबा, तुझं मेंढरू हरवलं तर तू काय करतोस, असं आम्ही एकदाही विचारलं नाही. आमच्या प्रवचनाची खिडकी बंद होती.

वसईकडं हे चित्र थोडं वेगळं आहे, ते मान्य करायला हवं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागं पडली आणि मिस्सा मराठीत आला. कॅथलिक प्रवचन छोटं, दहा-पंधरा मिनिटांचं. त्याचाही फायदा होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या माणसानं 'सुबोध बायबल' लिहिलं, आणि तोच वसईचा हिरवा पट्टा वाचवायच्या आंदोलनात पुढं उभा राहिला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या साध्या भाषेचं कौतुक करताना आपण एक विसरतो. ती भाषा टेबलाशी बसून साधी झालेली नव्हती. विहिरीचं पाणी, वाडीतली केळी, विकली जाणारी जमीन, याविषयी लोकांशी वर्षानुवर्षं बोलून ती साधी झाली होती.

इथं कोणी म्हणेल, पाळकावर सगळं ढकलू नका. बरोबर आहे. एका पाळकाकडे सात-आठ गावं. एक जुनी मोटरसायकल. पगार वेळेवर नाही. वर संस्थेच्या जमिनींचे वाद, कोर्टाच्या तारखा, दोन गटांची भांडणं. घरभेटी करायच्या कधी? मग प्रवचन शनिवारी रात्री कुठून तरी उतरवून काढायचं. आम्ही हे सगळं भोगलेलं आहे, म्हणून सहानुभूतीनं बोलतो. पण सहानुभूती ठेवूनही म्हणतो की घरभेट हे प्रवचनानंतरचं जादा काम नव्हे. घरभेट हीच प्रवचनाची तयारी. उंबरठा न ओलांडलेला माणूस व्यासपीठावर चढला, तर त्याच्याजवळ बोलायला पुस्तकातलंच असणार. दुसरं येणार कुठून?

हे आम्ही कसं शिकलो, ते सांगून आवरतं घेतो. सांगायला सोपं नाही.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा वीस वर्षांचा मुलगा शेततळ्यात बुडाला. ते प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं तुम्ही पाहिलं असेल. एकदा घसरलं की हाताला काही लागत नाही, वर येता येत नाही. अंत्यविधीला आम्ही प्रवचन केलं. योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय घेतला, लाजराची गोष्ट. आमच्या मतानं प्रवचन चांगलं झालं. पुनरुत्थानाची आशा, मरणावर विजय, सगळं मांडलं. दोन-तीन जणांनी येऊन हात धरले, छान बोललात म्हणाले. आम्हालाही बरं वाटलं, हे कबूल करतो.

तीनेक महिन्यांनी त्या बाईंच्या घरी गेलो. इतक्या उशिरा गेलो, हेही त्यातच आलं. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्या दिवशी तुम्ही लाजराचं वाचलं. मार्था येशूशी भांडली, ते तुम्ही वाचलं, पण त्यावर बोलला नाही."

आम्ही गप्प. खरंच होतं ते. भाऊ गेल्यावर मार्था येशूला सामोरी जाते आणि तोंडावर म्हणते की तू वेळेवर आला असतास तर हे झालं नसतं. मरियाही तेच म्हणते. येशू त्या दोघींना गप्प करत नाही. आणि कबरीकडे जाताना स्वतः रडतो. हे सगळं आम्ही दोन मिनिटांत ओलांडून पुनरुत्थानावर उडी मारली होती. कारण तिथं आमच्याजवळ उत्तर होतं, आणि मार्थेच्या प्रश्नाला नव्हतं.

बाई पुढं म्हणाल्या, "मला तेवढंच ऐकायचं होतं. मी भांडले तर देवाला चालतं का, तेवढंच."

त्या आजही देवळात येतात. गाणी म्हणतात, टिळकांची गाणी त्यांना सगळी पाठ. आणि प्रवचन सुरू व्हायच्या आधी उठून बाहेर जातात, चिंचेखाली जाऊन बसतात. प्रार्थनेला परत येतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. सुरुवातीला काही वडील मंडळी म्हणाली होती की त्यांना समजावून सांगा, इतरांवर वाईट परिणाम होतो. आम्ही म्हटलं, राहू द्या.

मघाशी आम्ही स्टीफन्सविषयी म्हणालो होतो की ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा आहे का, हा प्रश्न उरतो. साष्टीतल्या त्या प्रश्न विचारणाऱ्याला ती कितपत होती, कोण जाणे. लक्ष्मीबाईंना होती, त्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली आणि मग स्वतःच्या पायांनी परत आल्या. आमच्या मंडळीतल्या त्या बाईंनाही आहे. ती त्यांची आहे आणि त्यांच्याजवळ राहिली पाहिजे. आम्हाला त्यातून एवढंच मिळालं की प्रवचनाची परीक्षा कुठं होते, ते कळलं. पूर्वी आम्ही रविवारी घरी येऊन विचारायचो, आज कसं झालं? आता विचारत नाही. व्यासपीठावरून खिडकीतून ते चिंचेचं झाड दिसतं.

समीक्षा म्हणून सांगायचं तर मुद्दे तीनच. घाबरू नका, एकाच अक्षरानं सुरू होत नाहीत. (हशा) एक, प्रवचनाची सुरुवात ऐकणाऱ्याच्या प्रश्नापासून करावी, आणि प्रश्न माहीत नसेल तर आधी त्याच्या घरी जावं. दोन, ज्या भाषेत आपण रडतो आणि भांडतो, त्या भाषेत देवाविषयी बोलायला लाजू नये. तीन, ज्याचं उत्तर आपल्याजवळ नाही, ते ओलांडून पुढं पळू नये. मार्थेपाशी थांबावं. येशू थांबला होता.

आमच्या त्या काकांना हे सगळं पटेल की नाही, सांगता येत नाही. ते आज पहिल्या रांगेत बसलेत, आणि अजून जागे आहेत, एवढं इथून दिसतंय. (हशा, टाळ्या)

आता आम्ही थांबतो. बोलणं आमचं झालं, प्रश्न तुमचे. कोणाला भांडायचं असेल तर आधी त्यांनी हात वर करावा.